अवकाश आणि वसाहत : फरीदाबादच्या निमित्ताने

१

मनुष्याच्या श्रमाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्याच्या फुरसतीचा इतिहास मात्र अजून ठिकठिकाणी विखुरलेला आहे. ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. श्रमाची नोंद ठेवण्यात कोणाचा ना कोणाचा स्वार्थ गुंतलेला असतो. सारा वसूल करणारा, मजुरी देणारा, माल विकणारा, हे सर्व आपापल्या वह्या लिहीत असतात, आणि पुढे त्याच वह्या इतिहासकाराची साधने होतात. दिवसभराचे काम आटोपून पारावर बसलेल्या चार माणसांनी काय गोष्टी केल्या, ह्याची वही कोणीच ठेवीत नाही. परिणामी गतकाळातील माणूस आपल्यासमोर येतो तो बहुधा नांगर धरलेला, माग चालविणारा किंवा तलवार उपसलेला. तो हसत केव्हा होता, गात केव्हा होता, आणि नुसता बसून केव्हा होता, हे विचारावयाचे राहूनच जाते.

दिल्लीच्या दक्षिणेस, मथुरेकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर वसलेले फरीदाबाद हे शहर अशा विचारणेस प्रथमदर्शनी मुळीच योग्य वाटणार नाही. ते कारखान्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. ट्रॅक्टर, टायर, पादत्राणे, यंत्रांचे सुटे भाग ही त्याची ओळख. परंतु ह्याच शहरातील एका प्रमुख रस्त्याचे नाव ‘नीलम-बाटा रस्ता’ असे आहे. त्यातील एक नाव चित्रपटगृहाचे, दुसरे जोड्यांच्या कारखान्याचे. ज्यांनी हे नाव रूढ केले त्यांच्या मनात कोणताही सिद्धान्त नव्हता. पत्ता सांगण्याची ती सोय होती. तथापि शहराच्या दिवसाची दोन टोके त्या जोडनावात आपोआप एकत्र आली आहेत. त्यांतील एका टोकाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याचा शोध घेणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

२

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. कारण मोकळ्या वेळासाठी मराठीत एक नव्हे, अनेक शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळू देणे इष्ट नाही. ‘रिकामपण’ हा शब्द रिक्ततेशी नाते सांगतो. त्यात अभाव आहे, आणि थोडी निंदाही आहे. रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावण्याची म्हण काम नसलेल्या माणसाची थट्टा करते. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ ह्या क्रियापदापासून आलेला आहे. जो बांधलेला आहे तोच सुटू शकतो. म्हणून सुट्टीच्या अर्थात बंधन गृहीत धरलेले असते. ‘फुरसत’ अरबीतून आली. तिचा मूळ अर्थ संधी असा आहे. आणि ‘अवकाश’ हा संस्कृत शब्द मुळात स्थळवाचक आहे. जेथे काही मावू शकते अशी मोकळी जागा, असा त्याचा पहिला अर्थ. काळाला तो नंतर लागू झाला. ह्या शब्दांतील फरक केवळ व्युत्पत्तीचा नाही. रिकामपण लादले जाते, सुट्टी दिली जाते, आणि अवकाश निर्माण करावा लागतो. फरीदाबादचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास ह्या तीन शब्दांच्या आधारे वाचता येतो.

प्राचीन ग्रंथांत ह्या प्रश्नासंबंधी दोन परस्परविरोधी भूमिका आढळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवा जनपद कसा वसवावा ह्याचे विवेचन आहे. तेथे तो स्पष्ट सांगतो की, खेड्यांत विहारासाठी उद्याने अथवा शाळा असू नयेत, आणि नट, नर्तक, गायक, कथेकरी ह्यांनी तेथील लोकांच्या कामात विघ्न आणू नये. ग्रामस्थ शेतीत रमले तरच कोश, धान्य आणि श्रम वाढतील, हा त्याचा युक्तिवाद. वसाहतीचा संस्थापक आणि करमणूक ह्यांच्यातील वैर इतक्या निःसंकोचपणे क्वचितच कोणी मांडले असेल. उलट वात्स्यायनाच्या कामसूत्रातील नागरकाचा दिवस पाहिला तर तो जवळजवळ संपूर्ण अवकाशाचाच बनलेला आहे. स्नान, पोपटांशी बोलणे, दुपारची झोप, गोष्ठी, उद्यानयात्रा आणि संगीत ह्यांतच त्याची दिनचर्या संपते. हे दोन्ही ग्रंथ एकाच समाजाची दोन अंगे दाखवितात. नागरकाची गोष्ठी कौटिल्याच्या खेड्यातील अखंड श्रमावर उभी होती. ग्रीसमध्येही ह्याहून निराळी स्थिती नव्हती. फुरसत ह्या अर्थाच्या तेथील ‘स्कोले’ ह्या शब्दापासून इंग्रजीतील ‘स्कूल’ शब्द आला, हे कौतुकाने सांगितले जाते; त्या फुरसतीच्या पाठीशी गुलामांचे कष्ट होते, हे तितक्याच आवर्जून सांगितले जात नाही. १८९९ साली थॉर्स्टीन वेब्लेनने निरुद्योगी वर्गावरील आपल्या ग्रंथात अवकाशाला प्रतिष्ठेचे प्रदर्शन ठरविले, ते ह्याच परंपरेकडे पाहून.

तिसरी एक भूमिका आहे, आणि तिचा फरीदाबादच्या मातीशी संबंध आहे. पुष्टिमार्गीय परंपरेनुसार सूरदासाचे जन्मस्थान असलेले सीही हे गाव आज ह्या शहराच्या वस्तीत सामावले गेले आहे. ज्या संप्रदायात सूरदासाचे काव्य रुजले त्याने सृष्टीच्या मुळाशी प्रयोजन न मानता लीला मानली. ईश्वर काही मिळविण्यासाठी जग निर्माण करीत नाही. ते त्याचे खेळणे होय. ह्या कल्पनेचा भाविक अर्थ बाजूला ठेवला तरी तिचा सांस्कृतिक अर्थ उरतोच. निष्प्रयोजन आनंद हा हीन नसून सर्वांत वरच्या कोटीचा असू शकतो, असे ती सांगते. आणि गुराख्यांच्या खेळात तो आनंद पाहते, नागरकाच्या दिवाणखान्यात नव्हे.

३

औद्योगिक काळाने हा प्रश्न नव्या भूमीवर आणला. शेतीच्या श्रमाला ऋतूंची लय होती. पेरणी आणि कापणी ह्यांच्यामध्ये उसंत होती. पोळ्याला बैलालाही विसावा होता. गिरणीच्या भोंग्याने ही लय मोडली. ई. पी. टॉमसन ह्या इंग्रज इतिहासकाराने १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, घड्याळाच्या शिस्तीने कामाचा वेळ आणि जीवनाचा वेळ ह्यांच्यात फट कशी पाडली हे दाखविले आहे. पूर्वी माणूस काम करता करता थांबे, बोले, पुन्हा कामाला लागे. आता विकलेले तास निराळे आणि स्वतःचे तास निराळे झाले.

हिंदुस्थानात ह्या स्वतःच्या तासांसाठी पहिला संघटित लढा मुंबईत झाला, आणि तो मराठी माणसांनी केला. ‘दीनबंधु’ पत्राशी संबंधित असलेले, जोतीराव फुले ह्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील अग्रभागीची मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला शासकीय आधार मिळाला. हा दिवस सूर्यास्तानंतर सूर्योदय व्हावा तसा आपोआप आलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आज रविवारी उशिरा उठणारा कोणीही मनुष्य, त्याला माहीत असो वा नसो, लोखंड्यांचा ऋणी आहे.

त्याच १८९० साली पुण्यात हरि नारायण आपटे ह्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले, आणि १८९५ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांचे ‘मनोरंजन’ मासिक. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही नावे वारंवार येतात. परंतु लोखंड्यांच्या रविवाराशेजारी ती ठेवून पाहिली जात नाहीत. वस्तुतः एकाच दशकात श्रमिकाला वेळ मिळाला आणि मध्यमवर्गाला त्या वेळात वाचावयाचे नियतकालिक मिळाले. दोन्ही घटना एकाच परिवर्तनाच्या दोन शाखा होत. आपट्यांनी करमणुकीच्या नावाखाली ‘पण लक्षांत कोण घेतो?’ सारखी कादंबरी वाचकांच्या हाती दिली, ह्यावरून करमणूक आणि गांभीर्य ह्यांत उपजत वैर नाही, हे त्याच वेळी सिद्ध झाले होते. पुढे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या निमित्ताने कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद रंगला. त्या वादात रंजनाची बाजू घेणारे आणि रंजनाला हिणविणारे ह्या दोघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती, ती म्हणजे वाचकाजवळ वेळ आहे. तो वेळ कोणाजवळ आहे, किती आहे आणि तो कोणत्या किंमतीने मिळाला, हे दोन्ही पक्षांनी विचारले नाही. मराठी समीक्षेतील ही उणीव आहे, आणि ती भरून काढण्यासाठी प्रांताबाहेरच्या एखाद्या शहराकडे पाहणे उपयोगी पडते.

४

फरीदाबादचा प्रारंभ वाटसरूंच्या सुरक्षिततेतून झाला. जहांगीराचा खजिनदार शेख फरीद ह्याने १६०७ साली दिल्ली-आग्रा मार्गाच्या रक्षणासाठी हे गाव वसविले आणि तेथे किल्ला, तलाव व मशीद बांधली, असे सांगितले जाते. ह्या मार्गावरील सरायांत प्रवासी थांबत, आणि थांबलेला प्रवासी हा गोष्टी सांगणारा माणूस असतो. आसपासच्या खेड्यांत मात्र अवकाशाचे केंद्र चौपाल हे होते. महाराष्ट्रातील पार आणि चावडी ह्यांचा हा भाऊबंद. हुक्का, न्यायनिवाडा, पाहुण्यांची उठबस आणि गाणे ह्या सर्वांना तेथे जागा असे. दक्षिणेकडे व्रजभूमीची हद्द लागल्यामुळे होळीचा फाग आणि नगारे ह्यांची परंपरा बलवान होती; पश्चिमेकडून हरियाणवी सांग येई. पडदा नाही, नेपथ्य नाही, चहूबाजूंनी प्रेक्षक आणि मधोमध तख्त, अशी ही नाट्यपद्धती. लखमीचंद (१९०३–१९४५) ह्या शाहिराने तिला कळस चढविला. सांगाच्या खेळातून जमलेल्या पैशांवर तळी खोदली गेली आणि शाळा उभ्या राहिल्या. तरीसुद्धा आर्यसमाजी सुधारकांनी सांगावर अश्लीलतेचा ठपका ठेवला. तमाशाच्या वाट्याला महाराष्ट्रात जे आले त्याच्याशी हे किती मिळतेजुळते आहे! श्रमिकांच्या करमणुकीला प्रथम नीतीच्या न्यायासनासमोर उभे राहावे लागते; धनिकांच्या करमणुकीला ती वेळ सहसा येत नाही.

ह्या संथ परिसरावर १९४७ ची फाळणी कोसळली. वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माइलखान, कोहाट, पेशावर येथून हिंदू व शीख कुटुंबे भारतात आली आणि छावण्यांत विखुरली गेली. त्यांतील कुरुक्षेत्राची छावणी सर्वांत मोठी. तेथील संख्या तीन लाखांच्या घरात गेली. शिधा मिळत होता, तंबू होते. परंतु करावयास काहीच नव्हते. येथे रिकामपण ह्या शब्दाचा निखळ अर्थ प्रत्ययास येतो. ज्यांची दुकाने, शेते, घरे आणि आप्त गेले त्यांच्याजवळ वेळ अमर्याद होता, आणि तोच त्यांना असह्य होता. समाजसेवकांनी रात्री मोठ्या पडद्यावर डिस्नेची बोलपटचित्रे दाखविण्याची व्यवस्था केली तेव्हा हजारो निर्वासित पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून मिकी नावाच्या उंदराला आणि डोनाल्ड नावाच्या बदकाला हसले. त्या दोन तासांनी माणसे तगली, अशी तेथे काम करणाऱ्यांची भावना होती. रंजन हा पलायनवाद आहे, असे म्हणणाऱ्या टीकाकाराने ह्या पडद्यासमोर क्षणभर उभे राहावे. ज्याच्यापासून पळावयाचे ते इतके भयानक असेल तर पलायन हीदेखील जगण्याची एक रीत ठरते.

१९४९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. पंडित नेहरू त्याच्या बैठकांना स्वतः येत. सुधीर घोष हे प्रशासनप्रमुख होते. कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांच्या भारतीय सहकारी संघाचे कार्यकर्ते सहकारी संस्था उभारण्यास आले. त्यांतील लक्ष्मीचंद जैन ह्यांनी पुढे १९९८ मध्ये ह्या प्रयोगाचा वृत्तान्त ग्रंथरूपाने लिहिला. निर्वासितांनी आपली घरे स्वतः बांधावीत, हा ह्या योजनेचा गाभा होता. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या माणसांनी विटा पाडल्या, रस्ते खोदले, भिंती उचलल्या. जर्मनीकडून युद्धभरपाईत आलेला डिझेलवर चालणारा वीजसंच येथे बसविण्यात आला आणि त्याच्या बळावर कारखाने आले. सरहद्दीकडील पश्तून गावांत हुजरा नावाची सामाईक बैठक असते. पाहुणचार, गप्पा आणि रबाबाचे वादन ह्यांची ती जागा. नव्या वसाहतीत क्रमांकांनी ओळखले जाणारे भाग होते, शाळा होत्या, रुग्णालय होते, बाजार होता, हुजरा नव्हता. ती उणीव लोकांनी आपल्या परीने भरून काढली. नव्या वसाहतीच्या मैदानांवर रामलीला उभी राहिली. दिवसा यंत्रावर किंवा दुकानात काम करणारा मनुष्य रात्री मुकुट घालून रंगभूमीवर येऊ लागला. कौटिल्याने नव्या जनपदात नटांना मज्जाव केला होता. येथे वसणारेच नट झाले, आणि वसाहत त्यामुळे बिघडली नाही. ती गाव बनली.

५

फरीदाबाद जन्मले तेव्हा काळही विशेष होता. १९४८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती आणि अवकाश हा प्रत्येकाचा हक्क म्हणून नोंदविलेला आहे. १ एप्रिल १९४९ रोजी भारताचा नवा कारखाना कायदा अमलात आला. त्याने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरविला, साप्ताहिक सुट्टी अनिवार्य केली आणि जादा कामास दुप्पट मजुरी लावली. १९२२ मध्ये हीच मर्यादा ६० तासांची होती, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तासांची. म्हणजे लोखंड्यांना ज्या गोष्टीसाठी सहा वर्षे झगडावे लागले ती फरीदाबादच्या कामगाराला कागदावर जन्मतःच प्राप्त झाली होती. १९५१ च्या सुमारास बाटा आली; साठीनंतर बल्लभगढला टायरचा आणि फरीदाबादला ट्रॅक्टरचा कारखाना आला. निर्वासितांच्या पाठोपाठ उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान आणि इतर प्रांतांतून कामगारांचा ओघ सुरू झाला.

कागदावरचा हक्क आणि संध्याकाळचा अनुभव ह्यांत पुष्कळ अंतर राहिले. १९८२ साली येथे ‘फरीदाबाद मजदूर समाचार’ हे हिंदी पत्र सुरू झाले. पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहून ते फुकट वाटण्यात येई. त्याची पाने मुख्यतः कामगारांनी सांगितलेल्या हकिकतींनी भरलेली असत. आणि त्या हकिकतींत वेतनाच्या बरोबरीने वेळाची तक्रार सतत येते. बारा बारा तासांची पाळी, जादा कामाची सक्ती, कंत्राटी नोकरीमुळे सुट्टी मागण्याची भीती, असा तिचा सूर आहे. हे पत्र वाचले जाण्याची वेळ विशेष लक्षणीय आहे. कारखान्याचे फाटक आणि घर ह्यांच्यामधल्या रस्त्यावर, विकलेला वेळ संपून स्वतःचा वेळ सुरू होण्याच्या त्या अरुंद संधीत, एक वाचक घडत होता. साहित्याच्या समाजशास्त्राला ह्याहून मोलाचे उदाहरण सहसा मिळणार नाही. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेने जुन्या कारखाना कायद्याची जागा घेण्याचे ठरविले. आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुट्टी ही तत्त्वे तिनेही कायम ठेवली. तत्त्वांविषयी वाद कधीच फारसा नव्हता.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना केल्यास एक भेद दिसतो. गिरणगावातील कामगार बहुसंख्येने कोकणातून आणि घाटावरून आलेला होता. त्याची भाषा एक होती, देव एक होते, गावाकडची नाती चाळीत टिकून होती. त्यामुळे भजनी मंडळे, तालमी, तमाशाचे फड, दशावतार, शाहिरी कलापथके ह्यांच्या रूपाने त्याच्या अपुऱ्या फुरसतीने एक संस्कृती घडविली. अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि नारायण सुर्वे त्या वातावरणात उभे राहिले. फरीदाबादची फुरसत अनेक भाषांत विभागलेली आहे. बन्नूवाल कुटुंबांची रामलीला, हरियाणवी रागिणी, आग्रा कालव्याच्या काठावरील पूर्वांचली स्त्रीपुरुषांची छटपूजा, आणि दिल्ली परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा गणेशोत्सव, हे सर्व एका शहरात शेजारी नांदतात. पण शेजार आणि संवाद ह्यांत फरक आहे. एकमेकांच्या उत्सवात पाहुणे म्हणून जाण्याइतकाही वेळ ज्या शहरात मिळत नाही तेथे सामाईक वाङ्मय कसे निर्माण होणार, हा प्रश्न उरतो.

ह्या सर्व वर्णनात आतापर्यंत बहुतांशी पुरुषांची फुरसत आली. चौपाल पुरुषांची, हुजरा पुरुषांचा, पारही पुरुषांचाच. स्त्रियांच्या बाबतीत काम आणि विसावा ह्यांची सीमारेषाच निराळी होती. जात्यावरची ओवी दळणाच्या श्रमातून वेगळी काढता येत नाही. श्रावणातील तीजेचा झुला आणि महाराष्ट्रातील मंगळागौर हे वर्षाकाठी येणारे मोकळे क्षण, आणि तेही व्रताच्या अनुमतीने मिळणारे. जाते गेले, तशी ओवीही गेली. परंतु वाचलेला वेळ स्त्रीच्या हाती पडलाच असे नाही. १९९८-९९ मध्ये वेळाच्या वापराची पहिली मोठी पाहणी ज्या सहा राज्यांत झाली त्यांत हरियाणा होते. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की, घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते, आणि घरकामात भाग घेणारा पुरुष ९७ मिनिटे. ह्या मिनिटांना ना भोंगा आहे, ना रविवार. लोखंड्यांनी जिंकलेला दिवस घराच्या उंबरठ्याबाहेरच थांबला, असे खेदाने म्हणावे लागते. किंबहुना पुरुषाची सुट्टी ही अनेक घरांत स्त्रीच्या जादा कामाचा दिवस ठरते.

६

अवकाशाला वेळ जशी लागते तशी जागाही लागते, आणि येथे शब्दाचा मूळ स्थळवाचक अर्थ पुन्हा उपयोगी पडतो. अरवलीच्या पायथ्याशी १९४७ च्या सुमारास बांध घालून बडखल तलाव करण्यात आला. हेतू सिंचनाचा होता. पण वाढत्या शहराने त्याला आपले फिरावयास जाण्याचे ठिकाण केले. १९७० नंतर हरियाणाच्या पर्यटन विभागाने तेथे सोयी उभारल्या, नौका आणल्या, पुष्पप्रदर्शने भरविली. दिल्लीकडूनही लोक येऊ लागले. पुढे भोवतालच्या डोंगरांत दगडांच्या खाणी वाढल्या, पाण्याचे मार्ग तुटले, भूजल खाली गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडखल आणि सूरजकुंड ह्यांच्या दोन किलोमीटरच्या परिघात खाणकामास मनाई केली. तोवर बराच उशीर झाला होता. चालू शतकाच्या पहिल्या दशकात तलाव कोरडा पडला. पुढे त्याच्या पुनरुज्जीवनाचे कामही हाती घेण्यात आले. परंतु एका संपूर्ण पिढीने ‘तलावावर जाऊ’ हे वाक्य केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले. तलाव नाहीसा होणे ही पर्यावरणाची हानी म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. तिकीट न काढता, काही विकत न घेता संध्याकाळ घालविण्याची जागा गेली, ही त्याच घटनेची दुसरी हानी होय, आणि तिचा जमाखर्च कोठेही मांडलेला नाही.

सूरजकुंडाची कथा ह्याहून वेगळी आहे. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल ह्याने बांधलेले मानले जाणारे हे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड एखाद्या प्रेक्षागारासारखे दिसते. १९८७ पासून त्याच्या परिसरात दर वर्षी कारागिरांचा मेळा भरू लागला, आणि प्रत्येक मेळ्यात एका राज्याला विशेष स्थान देण्याचा प्रघात पडला. २०१४ मध्ये हा मान गोव्याला मिळाला, २०१९ मध्ये महाराष्ट्राला. कारागिराला बाजारपेठ मिळते, लोककलावंताला रंगमंच मिळतो, शहरी कुटुंबाला एक दिवस आनंदात घालविता येतो. ह्या लाभांविषयी शंका नाही. तथापि एक विरोधाभास नजरेआड करता येत नाही. लावणी असो की फागातला नगारा, ज्या कला श्रमिकांच्या स्वतःच्या अवकाशात जन्मल्या त्या येथे इतरांच्या अवकाशासाठी सादर होतात, आणि सादर करणाऱ्याच्या दृष्टीने तो कामाचाच दिवस असतो. प्रेक्षक आणि कलावंत ह्यांच्यात पूर्वी तख्ताइतकेच अंतर होते. आता त्यांच्यामध्ये तिकिटाची खिडकी आली आहे.

२०१५ मध्ये मेट्रो फरीदाबादपर्यंत आली. कामावर जाण्यायेण्याचा वेळ काहींचा वाचला, आणि त्याच मार्गाने दुकानांची आणि चित्रपटांची वातानुकूलित दालने जवळ आली. हातातल्या दूरध्वनीने तर प्रत्येकाला स्वतंत्र पडदा दिला. कुरुक्षेत्राच्या छावणीत एका पडद्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे बसली होती. आज एकाच खोलीतील चार माणसे चार पडद्यांसमोर बसतात. ह्यातले पहिले चित्र दुःखाचे आणि दुसरे सुबत्तेचे, हे खरे. परंतु पहिल्यात हसणे सामाईक होते, हेही तितकेच खरे.

ह्या विवेचनातून साहित्यविचारापुरता एक निष्कर्ष निघतो. वाचकांची संख्या का घटते, अभिरुची का खालावते, सामान्य माणूस गंभीर वाङ्मयाकडे का फिरकत नाही, अशी चर्चा परिसंवादांतून वारंवार होते, आणि दोष बहुधा वाचकावर किंवा लेखकावर ठेवला जातो. त्याआधी वाचकाचा दिवस पाहिला पाहिजे. बारा तासांची पाळी करून परतलेल्या माणसाने किंवा पाच तास स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या स्त्रीने हलकेफुलके काही मागितले, तर तो तिच्या किंवा त्याच्या अभिरुचीचा पुरावा नव्हे; तो त्यांच्या वेळापत्रकाचा पुरावा आहे. हरिभाऊंनी करमणूक हे नाव स्वीकारताना कमीपणा मानला नाही. त्या नावाआड त्यांनी वाचकाला हळूहळू मोठ्या दुःखाशी परिचित केले. लोखंड्यांनी वाङ्मयाचा विचार न करता वाङ्मयाला लागणारा दिवस मिळवून दिला. दोघांचे कार्य एकमेकांना पूरक होते, आणि दोघांपैकी एकाचेच स्मरण साहित्याच्या इतिहासात होते.

फरीदाबादच्या पहिल्या रहिवाशांनी विटा पाडून शहर उभे केले, ही गोष्ट सन्मानाने सांगितली जाते. त्याच हातांनी रात्री रावणाची दहा तोंडे कागदाने मढविली, हीसुद्धा त्या शहराच्या स्थापनेचीच गोष्ट आहे. शहराचा इतिहास जेव्हा पूर्ण लिहिला जाईल तेव्हा विटांच्या प्रकरणाशेजारी तिलाही एक प्रकरण मिळाले पाहिजे.